एसीचा गॅस ‘संपतो’ म्हणजे काय?

एप्रिलमध्ये पुण्यात पारा चाळिशीकडे गेला, तरी आमच्या एसीच्या नळीतून दुपारभरात जेमतेम तांब्याभर पाणी पडत होते. जूनमध्ये पारा तिशीवर उतरला आणि तीच नळी बाल्कनीतली बादली रात्रीतून भरू लागली. आठवडाभरात मात्र पाणी आटले व खोलीही गार होईना. दुरुस्तीला आलेल्या कारागिराने झाकण न उघडताच ‘गॅस संपलाय’ असे सांगून टाकले.

गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून फिरताना तो घरातल्या कॉइलमध्ये द्रवाची वाफ होत उष्णता घेतो आणि बाहेरच्या युनिटमध्ये पुन्हा द्रव होत ती सोडतो. म्हणून तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहेच, आणि ती न शोधता गॅस भरून घेणे म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा पैसे मोजणे होय.

आता पाण्याकडे वळू. ३८ अंश तापमानाच्या व २० टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरमागे साधारण ९ ग्रॅम बाष्प असते, तर ३० अंश व ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत सुमारे २४ ग्रॅम. थंड कॉइलवर या बाष्पाचे पाणी होताना लिटरमागे सुमारे २,४५० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. दीड टनाचा एसी सेकंदाला सुमारे ५.३ किलोज्यूल उष्णता ओढतो. (हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे; सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळवणाऱ्या उष्णतेचा तो हिशेब आहे.) म्हणजे लिटरभर पाण्यापायी त्याची पावणेआठ मिनिटांची पूर्ण मेहनत खर्ची पडते आणि तेवढ्याने खोलीचे तापमान मुळीच उतरत नाही. जूनमधला एसी आळशी वाटतो तो यामुळे.

पण हवा दमट असूनही पाणी आटावे, हे मला चमत्कारिक वाटले. झाकण उघडले, तर फिल्टरवर घोंगडीसारखा धुळीचा थर आणि मागच्या कॉइलवर पांढरा बर्फ होता. हवा पुरेशी न पोहोचल्याने कॉइल शून्याखाली गेले होते, त्यावरचे पाणी गोठले होते आणि त्या बर्फाने उरलीसुरली हवाही अडवली होती. गॅस कमी झाल्यावरही असाच बर्फ धरतो, त्यामुळे नुसता बर्फ पाहून निदान करता येत नाही. नळ्यांच्या सांध्यांवरचे नट पाहावेत: गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे थोडे तेलही फिरत असते, त्यामुळे गळतीच्या जागी बहुधा धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसतो आणि साबणाचा फेस लावल्यास बुडबुडे येतात.

आमचे नट कोरडे होते. नुसता पंखा चालवून बर्फ वितळू दिला, फिल्टर धुऊन वाळवून बसवला आणि पाण्याच्या तबकातला शेवाळासारखा बुळबुळीत गाळ काढला. गॅस भरावा लागला नाही; दुसऱ्या दिवशी सकाळी बादली पुन्हा काठोकाठ भरलेली होती.