धाव-पास समतोल (अमेरिकन कॉलेज फुटबॉल)

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू पुढे नेण्याचे मार्ग दोनच : तो काखोटीला मारून धावणे, नाहीतर पुढे पळणाऱ्या साथीदाराकडे फेकणे. कोणत्या वेळी कोणता मार्ग घ्यायचा आणि सामनाभर दोघांची सांगड कशी घालायची, या प्रश्नाला धाव-पास समतोल म्हणतात. क्रिकेटमुळे ‘धाव’ या शब्दाला आपल्याकडे वेगळाच अर्थ चिकटला आहे. येथे धाव म्हणजे चेंडू घेऊन मारलेली मुसंडी. महाविद्यालयीन संघाचे आक्रमण अडखळू लागले की हा प्रश्न हटकून वर येतो, आणि बहुधा चुकीच्या रीतीने विचारला जातो. निम्म्या धावा आणि निम्मे पास झाले की समतोल साधला, असे धरून चालणारे बरेच. प्रत्यक्षात प्रतिस्पर्ध्याच्या बचावाला दोन्ही गोष्टींचा धाक वाटतो की नाही, यावर समतोल ठरतो. तो धाक नसेल तर निम्मे-निम्मे करूनही हाती काही लागत नाही.

खेळाचा हिशेब असा. दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू. आक्रमणाला चार प्रयत्न मिळतात, त्यांना ‘डाऊन’ म्हणतात. चार डाऊनमध्ये १० यार्ड गाठले की पुन्हा नवे चार. तीन डाऊन फुकट गेले तर चौथ्याला संघ सहसा चेंडू पायाने दूर मारून देतो. हा ‘पंट’. पहिल्या डाऊनला धाव घेऊन दोनच यार्ड मिळाले तर दुसऱ्याला ८ उरतात. तिथेही एकच मिळाला तर तिसऱ्याला ७. आता पास येणार हे मैदानावरच्या बँडवाल्यांनाही कळते, बचावाला तर कळतेच. दुबळ्या आक्रमणाची दुपार अशीच जाते. म्हणून यशाचे एक प्रचलित माप डाऊनप्रमाणे बदलते : पहिल्या डाऊनला गरजेच्या निम्मे यार्ड, दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण. त्या मापाने पहिल्या डाऊनची ५ यार्डांची साधी धाव यशस्वी ठरते, आणि तिसऱ्या डाऊनला १२ हवे असताना मिळालेला ९ यार्डांचा देखणा पास वाया जातो.

पासचा जन्म

मुळात हा धावण्याचाच खेळ होता. १९०५ च्या हंगामात मैदानावर खेळाडू दगावले, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतले, आणि १९०६ पासून पुढे पास टाकायला परवानगी मिळाली. त्याच वर्षी ५ ऐवजी १० यार्डांची अट आली, तीही तीनच डाऊनमध्ये. चौथा डाऊन १९१२ मध्ये मिळाला. धावून गाठण्याचे अंतर दुप्पट करायचे आणि पर्याय म्हणून पास द्यायचा, असा तो सौदा होता. पास महागही होता. ५ सप्टेंबर १९०६ रोजी विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा येथे सेंट लुईस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने कॅरल कॉलेजविरुद्ध पहिला कायदेशीर पास टाकला. तो कोणाच्याच हाताला न लागता जमिनीवर पडला आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला. त्याच सामन्यात पुढे त्याचा २० यार्डांचा पास जॅक श्नायडरने झेलला आणि टचडाऊन झाला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात (‘एंड झोन’मध्ये) पोचला. सेंट लुईसचे प्रशिक्षक एडी कॉकम्स यांनी पास गंभीरपणे घेतला. बाकीच्यांचे डोळे उघडायला १९१३ उजाडले, जेव्हा नोत्र दामने वेस्ट पॉइंटला जाऊन तिथल्या लष्करी अकादमीच्या संघाला, बलाढ्य आर्मीला, पासच्या जोरावर ३५–१३ असे हरवले.

तरी जुन्या प्रशिक्षकांच्या मनातली अढी गेली नाही. पास टाकला की तीन गोष्टी होऊ शकतात आणि त्यांतल्या दोन वाईट, अशी त्यांची म्हणच आहे : चेंडू झेलला जाईल, खाली पडेल किंवा प्रतिस्पर्धी पळवेल. मोजणी बरोबर आहे. तिसऱ्या डाऊनला ८ यार्ड हवे असताना मात्र ती कामाला येत नाही.

धाक कसा बसतो

चेंडू ठेवलेल्या जागेभोवती, दोन्ही रांगा एकमेकींना भिडतात त्या पट्ट्याला ‘बॉक्स’ म्हणतात. आक्रमणाकडे पुढच्या रांगेतले पाच लाइनमन आणि रांगेच्या टोकाचा एक टाइट एंड, म्हणजे वाट मोकळी करायला सहा जण. बचावाने बॉक्समध्ये सहाच ठेवले तर प्रत्येकाला एक गडी अंगावर घेता येतो आणि धावणाऱ्याला वाट मिळते. सात आले तर एक मोकळा सुटतो, आठ आले तर दोन. पण आठ पुढे आले की मागचे सगळे मैदान सांभाळायला तीनच उरतात, आणि तिथे लांब पास पडतो. बचावाचा प्रमुख सामनाभर हीच बेरीज-वजाबाकी करत असतो. समोरच्याला पास जमत नाही हे एकदा कळले की आठवा गडी बिनदिक्कत पुढे येतो आणि मग धावही अडते. एका अंगाच्या दुबळेपणाने दुसरे अंगही लुळे पडते ते असे.

‘प्ले अ‍ॅक्शन’ ही युक्ती याच धाकावर जगते. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा आणि पास टाकणारा खेळाडू, धावपटूच्या पोटाशी चेंडू नेतो, दिल्यासारखे करतो, शेवटच्या क्षणी काढून घेतो आणि पास टाकतो. कबड्डीत चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकल्याचे दाखवतो आणि कोपरारक्षक पुढे झेपावला की त्याच्याच पाठीवर हात मारतो, तसलेच हे. कॉलेजच्या नियमांत याला आणखी मोकळीक आहे. पास टाकायचा असेल तेव्हा लाइनमनना कॉलेजात ३ यार्ड पुढे जाता येते, व्यावसायिक एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे रांग धावेसाठी पुढे सरकत असतानाच क्वार्टरबॅक बचावातल्या एका गड्यावर नजर ठेवतो : तो धावपटूकडे धावला तर त्याच्या मागे पास, जागेवर थांबला तर चेंडू धावपटूच्या हाती. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी त्या एका गड्याची गत होते. असा डाव आधी धाव म्हणून मोजायचा की पास, हे चेंडू कुठे गेला त्यावर मागाहून ठरते. निम्म्या-निम्म्याच्या हिशेबातली एक फट हीही.

आकड्यांचा सापळा

दुसरी फट मोठी आहे. क्वार्टरबॅक पास टाकण्याआधीच पाडला गेला तर त्याला ‘सॅक’ म्हणतात. एनएफएलमध्ये सॅकचे गमावलेले यार्ड पासच्या खात्यातून वजा होतात, कॉलेजात धावेच्या. समजा संघाच्या नावावर ३० धावा आणि ९० यार्ड दिसतात, सरासरी ३. त्यांत ४ सॅक आणि ३० यार्डांचे नुकसान दडलेले असेल, तर खऱ्या धावा २६ आणि यार्ड १२०, सरासरी ४.६. म्हणजे धाव ठीक चालली होती, कोसळला तो पास. आणि दुसऱ्या दिवशी शिव्या बसतात धावेला.

शिवाय पुढे असलेला संघ घड्याळ पळवायला शेवटी धावतच राहतो आणि मागे पडलेला नाइलाजाने फेकत राहतो. त्यामुळे जिंकणाऱ्यांच्या धावा जास्त दिसतात. त्यावरून ‘जास्त धावलात तर जिंकाल’ असा निष्कर्ष काढणारे समालोचक दर शनिवारी भेटतात. छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस आला, असे म्हणण्यासारखे ते आहे.

आयोवाची गोष्ट

अडखळलेल्या आक्रमणाचे अलीकडचे ठळक उदाहरण आयोवा विद्यापीठाचे. कर्क फेरेंट्झ तिथे १९९९ पासून मुख्य प्रशिक्षक. त्यांचे चिरंजीव ब्रायन २०१७ पासून आक्रमणाचे प्रमुख. ३ सप्टेंबर २०२२ रोजी आयोवाने साउथ डकोटा स्टेटला ७–३ असे हरवले. सात गुण म्हणजे एक टचडाऊन आणि त्यावरचा जादा गुण, असे कोणीही समजेल. तसे नव्हते. चेंडू पायाने खांबांमधून मारलेल्या एका फील्ड गोलचे ३, आणि प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच एंड झोनमध्ये दोनदा गाठल्याचे बचावाने मिळवलेले २ आणि २. आक्रमणाच्या वाट्याला सामनाभरात तीन गुण.

त्या हंगामात संघाची सरासरी सामन्यामागे १७.७ गुणांवर थांबली. २०२३ च्या सुरुवातीला ब्रायन यांचा करार बदलला : पगार ९ लाख डॉलरवरून साडेआठ लाख, आणि सामन्यामागे सरासरी २५ गुण व किमान ७ विजय ही अट. बचावाने मिळवलेले गुणही त्यात धरले जाणार होते, हे विशेष. मग प्रत्येक सामन्यानंतर आयोवा किती मागे राहिले याची मोजदाद देशभर चालली. ३० सप्टेंबरला क्वार्टरबॅक केड मॅकनमाराच्या गुडघ्याला दुखापत होऊन त्याचा हंगाम संपला. १४ ऑक्टोबरला विस्कॉन्सिनविरुद्ध बदली क्वार्टरबॅक डीकन हिलने १४ पैकी ६ पास जमवले, एकूण ३७ यार्डांचे. तरी आयोवा १५–६ जिंकले, कारण लेशॉन विल्यम्सने १७४ यार्ड धावून काढले. त्यांतले ८२ एकाच धावेत.

या एका सामन्यावरून धाव चालते, पास नाही, असे वाटेल. हंगामभराचा जमाखर्च वेगळे सांगतो. सामन्यामागे एकूण २३४.६ यार्ड, १३३ संघांत शेवटचा क्रमांक, आणि सरासरी १५.४ गुण. १४ सामन्यांचे मिळून आक्रमणाने साधारण ३,२८० यार्ड काढले. त्याच वेळी मेलबर्नहून आलेला पंटर टोरी टेलर याचे पंट ४,४७९ यार्ड गेले. तो एका हंगामाचा राष्ट्रीय विक्रम ठरला आणि १९३८ पासूनचा जुना विक्रम मोडला. आक्रमणाने वर्षभरात जेवढे मैदान मारले, त्याहून जास्त एका माणसाने पायाने परत दिले. विजय मात्र १०, पराभव ४. बचावाच्या आणि पंटच्या जिवावर आयोवा आपल्या विभागात पहिले आले आणि मग मिशिगनकडून २६–०, टेनेसीकडून ३५–० असे हरले. ब्रायन यांना हंगामानंतर निरोप मिळणार, हे ऑक्टोबरअखेरच जाहीर झाले होते.

दोन्ही मार्ग अडलेले असताना प्रमाण बदलून काही हलत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार. २०२४ मध्ये टिम लेस्टर आक्रमणाचे नवे प्रमुख झाले. पास दुबळाच राहिला, पण केलेब जॉन्सनने १,५३७ यार्ड आणि धावेचे २१ टचडाऊन काढले आणि संघाची सरासरी २७ गुणांपलीकडे गेली. आधी एक गोष्ट धड जमली, तेव्हा गुण आले.

नेब्रास्काने याची उलटी बाजू अनुभवली. टॉम ऑसबर्न यांच्या हाताखाली धावेच्या ‘ऑप्शन’ खेळावर (चेंडू स्वतः घेऊन पळायचे की दुसऱ्याला द्यायचा, हे क्वार्टरबॅक बचाव पाहून ठरवतो) या संघाने १९९४, १९९५ आणि १९९७ ची राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली होती. २००४ मध्ये बिल कॅलहन आले आणि पासप्रधान खेळ आणला. त्या वर्षी ५ विजय, ६ पराभव. १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम. त्यातला एक पराभव टेक्सस टेककडून ७०–१०. टेक्सस टेकचे तेव्हाचे प्रशिक्षक माइक लीच धावेची फारशी फिकीर न करता पासवर पास टाकणारे. म्हणजे पासला नावे ठेवायलाही जागा उरली नाही.

सराव आणि वेळ

कॉलेजच्या खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएएच्या नियमाप्रमाणे हंगामात खेळाडूकडून आठवड्याला २० तासच घेता येतात. त्यांतच बैठका आणि व्यायाम. चांगल्या संघाला दोन्ही खेळ घोटवायला ते पुरतात, कारण त्याच्याकडे गुणी मुले आधीच जमलेली असतात. दुबळ्या संघाचे एक ना धड, भाराभर चिंध्या असे होते. लष्कराच्या अकादमीचा संघ आर्मी म्हणूनच वर्षानुवर्षे जवळजवळ धावतच आला. २०२२ मध्ये कंबरेखाली अडवण्यावर निर्बंध आल्यावर आर्मीने २०२३ मध्ये आक्रमणाची मांडणी बदलून पाहिली. हंगाम ६–६ गेला. २०२४ मध्ये जुन्या वळणावर परत येऊन १२ विजय, २ पराभव आणि इतिहासातले पहिले परिषद-अजिंक्यपद (परिषद म्हणजे आपसांत खेळणाऱ्या संघांचा गट).

सगळ्यांत जास्त ओढाताण लाइनमनची होते. धावेसाठी अडवताना त्याला पुढे झेपावून समोरच्याला रेटायचे असते, पाससाठी मागे सरकत त्याला झेलायचे. कच्चा लाइनमन चेंडू हलण्याआधीच गुपित फोडतो. धाव असेल तर त्याचे सगळे वजन जमिनीवर टेकलेल्या हातावर येते आणि बोटांची पेरे पांढरी पडतात. पास असेल तर हात हलका, नुसता टेकवलेला असतो. समोरचा अनुभवी बचावपटू खाली वाकून आधी ती पेरे बघतो.