चिंबोरीच्या पिल्लांना नर्सरी का लागते?

बालाघाटाच्या डोंगरातल्या ओढ्यात खेकड्याची मादी हाती लागली, तर तिच्या पोटाखाली कधी कधी अगदी बारीक पिल्लं चिकटलेली दिसतात. आपल्याकडच्या गोड्या पाण्यातल्या खेकड्याची अंडी मोजकी, पण मोठी असतात. अंड्यातून थेट छोटा खेकडाच बाहेर येतो आणि काही दिवस आईलाच बिलगून राहतो. नर्सरीचं, म्हणजे पिल्लं जपून वाढवण्याचं, काम मादीच करून टाकते.

शेततळ्यात कोकणातली चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, पाळायची स्वप्नं अडतात ती इथेच. तिची मादी दहा लाखांच्या पुढे अंडी देते आणि पिल्लं समुद्राच्या भरवशावर सोडते. ती पिल्लं खेकड्यासारखी दिसतही नाहीत. आधी पोहणाऱ्या अळीच्या, म्हणजे झोइयाच्या, पाच अवस्था, मग मेगालोपा ही मधली अवस्था, आणि त्यानंतर खेकडा. या काळात लिटरमागे सुमारे ३० ग्रॅम मिठाचं पाणी लागतं. बोअरच्या पाण्यात मूठभर मीठ टाकून ते जमत नाही.

म्हणूनच कित्येक वर्षं खेकडापालन म्हणजे खाडीतून पिल्लं पकडून आणणं, नाहीतर कात टाकलेले पोकळ खेकडे तीन-चार आठवडे खाऊ घालून भरवणं, एवढंच होतं. मलेशियात १९६४ साली ओंग या संशोधकाने प्रयोगशाळेत अंड्यापासून खेकड्यापर्यंतचा प्रवास नोंदवला, तरी बीज, म्हणजे पाळायला लागणारी पिल्लं, व्यापारी प्रमाणात मिळायला आणखी काही दशकं गेली. १९९८मध्ये कीनन आणि सहकारी संशोधकांनी एकाच नावाखाली मोडणाऱ्या खेकड्यांच्या चार जाती वेगळ्या केल्या. त्याआधीच्या संगोपनाच्या नोंदी वाचताना नेमकी जात कोणती, ही शंका त्यामुळे राहतेच. भारतात राजीव गांधी जलसंवर्धन केंद्राने तमिळनाडूत सिरकाळीजवळ उभारलेली हॅचरी, म्हणजे अंड्यातून पिल्लं काढायचं केंद्र, २०१३ची.

हॅचरीनंतरचा टप्पा नर्सरीचा, आणि खरी कसोटी तिथे. पिल्लू वाढतं ते कात टाकून. कात टाकल्यावर अंग मऊ असतं, आणि शेजारचा भाऊच त्याला खातो. त्यावर फिलिपीन्समधल्या सीफडेक या मत्स्यसंशोधन संस्थेसारख्या केंद्रांनी पसंत केलेली युक्ती साधीच आहे: निमखाऱ्या तळ्यात बारीक जाळीचे हापे, म्हणजे पेटीसारखी जाळी, बांधायचे, आत जाळीचे तुकडे, पाइप, शेवाळ असा आडोसा टाकायचा, गर्दी टाळायची आणि आकाराप्रमाणे पिल्लं वेगळी करत राहायचं. तीनेक आठवड्यांत दोन-तीन सेंटिमीटरचं पिल्लू तयार होतं. तरीही निम्म्याहून अधिक गमावणं नवलाचं नाही.

या सगळ्यात मराठवाड्याचा वाटा नाही, असं मात्र नाही. १९७०च्या दशकात औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात नागभूषणम आणि दिवाण यांनी आपल्याच गोड्या पाण्यातल्या खेकड्याच्या प्रजननचक्राचा अभ्यास केला. अशा अभ्यासाचा हॅचरीला उपयोग होतो. डोळ्याच्या देठातली संप्रेरकं मादीच्या बीजकोशाची (अंडाशयाची) वाढ रोखून धरतात, हे कोळंबीत १९४३पासून माहीत होतं. कोळंबीच्या हॅचऱ्यांत मादीचा एक डोळा काढून तिला लवकर अंड्यावर आणतात, ते याच तत्त्वावर. त्या काळी औरंगाबादच्या प्रयोगशाळेत खेकडे यायचे ते मात्र ओढ्यातलेच.