नाताळची गाणी लागली, म्हणजे स्टेशन बंद होणार?

अमेरिकेत एखाद्या एफएम स्टेशनवर नोव्हेंबरातच चोवीस तास नाताळची गाणी सुरू झाली की ते बंद होणार, असा समज वर्षानुवर्षं फिरतोय. त्याला थोडा आधार आहे: जुनं रूप बंद करून गाण्यांचा प्रकार बदलण्याआधी काही स्टेशनं मधले दिवस याच गाण्यांनी भरून काढतात. पण मवाळ, सुरेल गाणी लावणारी कितीतरी स्टेशनं हे दरवर्षी करतात, कारण तेव्हा श्रोते वाढतात.

मागच्या वर्षी त्याच स्टेशनवर काय लागत होतं, ते आधी आठवा. मग निवेदकांकडे कान द्या. रोजचे आवाज, ट्रॅफिकची माहिती चालू असेल, तर बहुधा काळजीचं कारण नाही. तेही गायब झाले असतील, तर शंका रास्त आहे. आवडतं स्टेशन हरवण्याची धास्ती मी समजू शकते. पक्कं उत्तर २६ डिसेंबरच्या सुमारास कळतं.