हरिहरेश्वरची सहल आम्ही लाल तारखा बघून का नेत नाही

"तीन सुट्ट्या जोडून आल्यात आणि तुमची हरिहरेश्वरची गाडी नाही?" हा प्रश्न आम्हाला वर्षभर येतो. फोनवर घाईत उत्तर दिलं की ते उद्धट वाटतं, म्हणून हे पत्रक. हरिहरेश्वरची तारीख आम्ही तिथी बघून ठरवतो. देवदर्शन कुठल्याही दिवशी होतं, त्याला आमची ना नाही. पण देवळामागची प्रदक्षिणेची वाट आणि तिथला खडक ज्याला नीट बघायचा आहे, त्याला समुद्राच्या वेळा सांभाळाव्या लागतात. दिवसातले बरेच तास ती जागा पाण्याखाली असते.

खडक पुण्याचाच

चांदणी चौकातून निघून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा असं साधारण पावणेदोनशे किलोमीटर जायचं. हवा बदलते, झाडं बदलतात, जेवणाची चव बदलते. पायाखालचा दगड मात्र तोच राहतो. पर्वती आणि वेताळ टेकडी ज्या काळ्या दगडाची, जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर ज्यात कोरलंय, तोच हा बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. झीज होऊन उरलेला हा दगड आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे.

ताम्हिणीत आम्ही गाडी थांबवतो ती चहासाठी, असा सगळ्यांचा समज असतो. चहा घ्याच, पण समोरच्या कड्याकडेही बघा. काळा उभा कडा, मग झाडीचा आडवा पट्टा, पुन्हा काळा कडा. लाव्ह्याच्या थराचा घट्ट भाग कड्यासारखा उभा राहतो. दोन थरांमधला पोकळ, ठिसूळ भाग झिजून उतार होतो आणि तिथे माती धरून झाडं वाढतात. हे डोळ्यांत बसलं की हरिहरेश्वरला समुद्राने याच दगडाचं काय केलंय ते आपोआप कळतं.

समुद्रात घुसलेलं नाक

हरिहरेश्वर श्रीवर्धन तालुक्यात, सावित्रीच्या मुखाशी आहे. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री इथे समुद्राला मिळते; पलीकडच्या तीरावर बाणकोटचा किल्ला. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथांचं गाव आणि हरिहरेश्वर पेशव्यांचं कुलदैवत, त्यामुळे पुणेकरांचा इथला राबता जुनाच. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव असा दर्शनाचा क्रम.

डोंगराचं टोक समुद्रात पुढे आलं की लाटा त्याच्याकडे वळतात. उथळ पाण्यात लाटेचा वेग कमी होतो, खोल पाण्यात तो टिकून राहतो, म्हणून सरळ आलेली लाट वाकते आणि टोकाला दोन्ही अंगांनी भिडते. मार सगळा टोकावर. शेजारच्या वळणात लाटांचा जोर विखुरतो आणि वाळू साचते. एकाच गावात एका बाजूला पोरं किल्ले करतात आणि दुसऱ्या बाजूला उघडा खडक असतो, त्याचं कारण हे.

देवळामागून वर चढून गेलं की दोन खडकांच्या मधून पायऱ्या थेट समुद्राकडे उतरतात. लाव्हा थंड होताना आकसतो आणि दगडात उभ्या चिरा पडतात. अशा चिरेत पाणी शिरलं की ती रुंदावत जाते. किनाऱ्यावरच्या अरुंद घळी बहुतेक अशाच तयार होतात.

खाली पोचलात की समोर सपाट खडक पसरलेला दिसतो. ही फरशी लाटांनी घातलेली आहे. भरती आणि ओहोटी यांच्या मधल्या पट्ट्यात लाटा कड्याचा पाया कोरतात, वरचा भाग आधार सुटून कोसळतो, पडलेले धोंडे लाटाच फोडून घेऊन जातात. कडा मागे सरकतो, पुढे सपाट तळ उरतो. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, जगभरचा समुद्र आजच्यापेक्षा अदमासे १२० मीटर खाली होता. तेव्हा इथून किनारा दिसलाही नसता. आजच्या पातळीच्या आसपास पाणी आलं त्याला सहा-सात हजार वर्षं झाली. दगडाच्या वयापुढे ही कालचीच गोष्ट.

फरशीतले गोल खड्डेही बघा. निघोजचे रांजणखळगे पाहिले असतील तर हे त्यांचेच धाकटे भाऊबंद: भोवऱ्यात अडकलेले गोटे फिरत फिरत भोक पाडतात. तिथे कुकडीचा प्रवाह, इथे लाटा.

जाळीच्या भिंती

आमच्या मते इथली सर्वांत पाहण्याजोगी गोष्ट कड्याच्या तोंडावर आहे, आणि सूर्यास्ताच्या फोटोपायी लोक तिच्याकडे पाठ करून उभे राहतात. खडकाला जाळी पडलेली असते. कुठे बोटाचं पेर जाईल एवढी भोकं, कुठे मूठ मावेल एवढी, आणि मधल्या भिंती अगदी पातळ. हे मिठाचं काम. लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतात, उन्हाने पाणी उडून जातं, आत मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण न् कण सुटा करतात. एकदा खळगा पडला की त्यात ओल जास्त टिकते, मीठ जास्त साचतं, खळगा आणखी खोल होतो.

भोकं दोन प्रकारची असतात, हे मात्र ध्यानात ठेवा. दगडाच्या आतपर्यंत विखुरलेली बारीक, गोल भोकं म्हणजे लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे. त्यांत पुष्कळदा पांढरं, चमकदार खनिज भरलेलं दिसतं. आपल्या वाघोलीच्या खाणींतली खनिजं जगभरच्या संग्रहालयांत गेली, ती अशाच पोकळ्यांमधली. मिठाची जाळी फक्त दर्शनी पृष्ठभागावर असते. पातळ भिंतींवर पाय देऊन चढू नका. एका पायात मोडतात, पुन्हा होत नाहीत.

तिथीचा हिशेब

कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज पाऊण तासाच्या वर पुढे सरकते.

अष्टमीला भर दुपारी ओहोटी, मग तीच सोयीची नाही का? नाही. तेव्हा भांग असतो: चंद्र आणि सूर्य काटकोनात ओढतात, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. खडक अर्धाच उघडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी सर्वांत खाली जातं. पण पौर्णिमेची ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. थंडीत खडकावर पोचेपर्यंत अंधार.

म्हणून आमच्या तारखा दोनच पट्ट्यांत येतात. द्वादशी ते चतुर्दशी: ओहोटी दुपारी तीन ते पावणेपाच, सकाळी सहाला पुणे सोडून जेवून उतरायला निवांत वेळ. किंवा तृतीया ते पंचमी: ओहोटी सकाळी साडेआठ ते दहा, म्हणजे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतरही एक-दोन दिवस रेंगाळतो, त्याचा इथे फायदा होतो. पाऊणपटीवर आम्ही गाडी मात्र काढत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून वेळ पक्की करतो.

खडकावर आम्ही ओहोटीच्या दीड तास आधी उतरतो आणि ओहोटीनंतर तासाभराने वर येतो. "अजून पाच मिनिटं" हे वाक्य तिथे चालत नाही. लाट शांत दिसत असताना मधूनच एखादी मोठी येते, आणि शेवाळलेल्या बेसॉल्टवर पाय ठरत नाही. गावातल्यांनी नको म्हटलं तर आम्ही उतरत नाही, पैसे भरलेले असोत वा नसोत. जून ते सप्टेंबर ही सहल बंद असते.

सोबत काय आणायचं: मागे पट्टा असलेल्या, रबरी तळाच्या सँडल किंवा बूट (स्लीपर घालून आलेल्यांना आम्ही पायऱ्यांवरच थांबवतो), टोपी, पाण्याची बाटली, आणि जमलं तर छोटं भिंग. गुडघ्याचा त्रास असेल तर बुकिंगच्या वेळी सांगा. पायऱ्या उंच आहेत. पण वरूनही फरशीचा बराचसा भाग दिसतो, आणि तिथे आमचा एक माणूस तुमच्यासोबत थांबतो. मुक्कामाच्या सहलीत परतीच्या दिवशी बागमांडल्याहून वेश्वीला फेरीबोटीने सावित्री ओलांडून बाणकोट करतो. बोटीचं तिकीट सहलीच्या पैशांतच धरलेलं आहे.