आधी नैवेद्य की आधी भुकेला? बडोद्यातल्या देवस्थानांच्या पैशामागचा इतिहास

श्रावण जवळ आला की बडोद्यातल्या मराठी देवस्थानांच्या समित्यांत जमाखर्चाचे कागद फिरू लागतात आणि त्यांच्याबरोबर एक जुना वाद. रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी या भागांतली ही देवळे आकाराने लहान आहेत. पण काहींच्या नावावर भाड्याच्या खोल्या आहेत, काहींच्या मुदतठेवी. वर्षाअखेरीस चार पैसे उरले, तर त्यांतून देवाला चांदीची प्रभावळ करायची की गरीब रुग्णांची औषधे भरायची? एक बाजू म्हणते, देवाचे ते देवालाच. दुसरी म्हणते, दारातला भुकेला उपाशी ठेवून केलेली पूजा देवाला पोचत नाही. दाखले दोघेही संतांचेच देतात. एकनाथांच्या कावडीचा दाखला तर दोन्हीकडून येतो.

वाद श्रद्धेच्या भाषेत मांडला जातो. पण गेल्या तीनशे वर्षांचा व्यवहार पाहिला, तर निकाल नेहमी दोन गोष्टींवर लागलेला दिसतो. दान घ्यायला पात्र कोण हे कोणी ठरवायचे, आणि पैसा कोणत्या कागदाने आला.

धर्मशास्त्राने पुण्यकर्माचे दोन भाग केले होते. यज्ञयाग हे इष्ट. विहिरी, तळी, बागा, अन्नदान हे पूर्त. यज्ञाचा अधिकार सर्वांना नव्हता, पूर्ताचा मात्र स्त्रीशूद्रांनाही होता. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात तेराव्या शतकात रचलेल्या धर्मनिबंधात दानासाठी एक अख्खा खंड आहे. त्यात देवपूजा आणि दान एकमेकांसमोर उभी केलेली नाहीत. चर्चा आहे ती देश, काळ आणि पात्र यांची. गोम होती ती ‘पात्र’ या शब्दात. विद्वान ब्राह्मण पात्र की गरजू? हितोपदेशाने सरळ सांगितले की दान दरिद्र्याला द्यावे, धनवानाला नको. औषध रोग्याला, निरोग्याला त्याचा उपयोग काय? राजदरबारांनी हे क्वचितच ऐकले.

गायकवाड हे मुळात सेनापती दाभाड्यांचे सरदार. दाभाडे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले आणि दक्षिणेची ती प्रथा पेशव्यांनी पुण्यात नेली. इंग्रजी अमलात त्याच निधीतून १८२१ मध्ये पुण्याला संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे १८४९ मध्ये सुधारकांनी अर्ज केला की या पैशातला काही भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांना द्यावा आणि तो कोणत्याही जातीच्या लेखकाला मिळावा. सनातनी मंडळींनी कडाडून विरोध केला. धर्मासाठी ठेवलेला पैसा लोकांच्या उपयोगाकडे वळवता येतो का, हा प्रश्न मराठी समाजात उघडपणे भांडला गेला तो इथे.

बडोद्यात श्रावणमासाची दक्षिणा होतीच. शिवाय ब्राह्मणांना रोजची खिचडी आणि मुसलमानांसाठी ‘ग्यारमी’ नावाचे वाटप हे दरबाराचे मोठे खर्च होते. अशा वाटपाच्या दोन रीती असतात. कोरडा शिधा, म्हणजे तांदूळ, डाळ, तूप, मीठ. किंवा शिजवलेले अन्न. कोण कोणाच्या हातचे खातो हा प्रश्न असल्यामुळे शिध्याकडे कल असे. पण शिध्याचा दोष असा की तो बाजारात परत विकता येतो, आणि यादी कारकुनाच्या हातात राहते. मेलेल्याचे नाव यादीत राहते, बापाची नेमणूक मुलाला वारशाने मिळते, आणि ज्याच्या घरी खरोखर चूल पेटत नाही त्याचे नाव कधी चढतच नाही. शिजवलेले अन्न परत विकता येत नाही. भूक नसलेला माणूस रोज दोन तास पंगतीची वाट पाहत बसत नाही, त्यामुळे गरजूंची निवड तिथे आपोआप होते. एका माणसामागे शंभर ते सव्वाशे ग्रॅम कोरडे तांदूळ-डाळ धरली की शंभर माणसांच्या खिचडीला दहा ते साडेबारा किलो लागते. हिशेब तपासायला सोपा, भांडारातला माल आणि पंगतीची डोकी जुळली पाहिजेत. आजची अन्नछत्रेही याच दोन रीतींत विभागलेली आहेत, आणि दोषही तेच आहेत.

तिसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीत हा खर्च आवळला गेला. श्रावणमासाच्या दक्षिणेला परीक्षा आली: शास्त्रात उत्तीर्ण व्हा, मग दक्षिणा घ्या. १९१५ मध्ये पौरोहित्य करणाऱ्यालाही परीक्षा देऊन दाखला घेणे बंधनकारक झाले, आणि त्याच वर्षी संस्कृत महाविद्यालय सुरू झाले. मधल्या काळात अमरेली तालुक्यात १८९३ मध्ये सक्तीचे मोफत शिक्षण सुरू झाले आणि १९०६ मध्ये ते राज्यभर गेले. छप्पनियाच्या दुष्काळाने, म्हणजे संवत १९५६ (१८९९-१९००), गुजरातभर दाखवून दिले की जन्मावरून दिलेला शिधा आणि भूक यांचा मेळ बसत नाही. त्या काळच्या दुष्काळ-व्यवस्थेत अंगात बळ असलेल्याला कामावर मजुरी आणि काम न जमणाऱ्याला फुकट अन्न, अशी विभागणी होती. पात्रतेची कसोटी पोटावर आली.

यावर एक आक्षेप आजही ऐकू येतो, की महाराजांनी देवाचे काढून शाळांना दिले. हे बरोबर नाही. राजघराण्याच्या देवळांतल्या पूजा आणि उत्सव चालूच राहिले. विठ्ठलनाथांचा देवउठी एकादशीचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, आजही निघतो. कात्री लागली ती वाटपाला, पूजेला नाही. देवाची सेवा आणि देवाच्या नावाने होणारे वाटप यांत फरक आहे, आणि बडोद्याच्या राज्याने तो शंभर वर्षांपूर्वी नेमका ओळखला. समित्यांतल्या आजच्या वादात तोच पुसला जातो, म्हणून हे ठासून सांगावेसे वाटते.

ब्रिटिश हिंदुस्थानात कायदा दुसऱ्याच दिशेने चालला होता. प्राप्तिकराच्या १८८६ च्या कायद्याने धार्मिक आणि धर्मादाय, दोन्ही कामांच्या उत्पन्नाला सूट दिली. पण धर्मादाय निधींबद्दलच्या १८९० च्या कायद्याने धर्मादायाच्या व्याख्येत गरिबांना मदत, शिक्षण, औषधोपचार आणि लोकोपयोगी कामे घेतली आणि केवळ पूजा किंवा धर्मशिक्षण यांसाठी असलेला हेतू बाहेर ठेवला. इंग्लंडच्या कायद्यात धर्मप्रसार धर्मादायात मोडतो. इथे तो वेगळा काढला गेला. ज्या समाजात दान आणि धर्म हातात हात घालून चालत होते, तिथे हिशेबाच्या वहीत दोन रकाने झाले.

१ मे १९४९ ला बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था (ट्रस्ट) कायदा इथल्या देवळांना लागू झाला. आजही गुजरातमध्ये तोच कायदा राज्याच्या नावाने चालतो. या कायद्याच्या ५५ आणि ५६ या कलमांवरून जे घडले, त्यावर आजच्या प्रत्येक समितीचे भांडण उभे आहे.

ट्रस्टचा मूळ हेतू पुरा करणे अशक्य झाले, किंवा उत्पन्न वा शिल्लक पडून राहिली, तर पैसा दुसऱ्या कामाला लावता येईल अशी ही तरतूद होती. धर्मादाय आयुक्ताने विश्वस्तांना न्यायालयात अर्ज करायला सांगायचे. त्यांनी नाही केला तर आयुक्ताने स्वतः करायचा. इथवर कोणाची तक्रार नसती. पण पोटकलम (क) ने आणखी एक कारण घातले: मूळ हेतू पार पाडणे लोकहिताच्या दृष्टीने इष्ट किंवा योग्य नसेल, तरीही. म्हणजे पूजा चालू आहे, भाविक येत आहेत, तरी न्यायालयाला वाटले की हा पैसा दवाखान्याला जावा, तर तो जाऊ शकत होता.

एका श्वेतांबर मूर्तिपूजक देरासराच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, विश्वस्ताने याला आव्हान दिले. मुंबईतल्या एका पारशी निधीचे विश्वस्तही वेगळ्या दाव्याने आले. जैनांची बाजू समजून घेण्यासारखी आहे. त्यांच्या रीतीत देवाला अर्पण झालेले द्रव्य, देवद्रव्य, माणसांच्या उपयोगाला लावणे हा दोष मानतात. जिनबिंब, जिनालय, आगम, साधू, साध्वी, श्रावक, श्राविका अशी सात क्षेत्रे. वरच्या क्षेत्राचा पैसा खाली उतरत नाही. गरिबांसाठी द्यायचे तर साधारण खात्यात वेगळे द्यायचे. भक्ती आधी की दान आधी, या प्रश्नाला त्यांनी खात्यांची विभागणी हेच उत्तर दिले आहे.

उच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९५४ मध्ये पोटकलम (क) आणि ५६ मधला त्याच्याशी जोडलेला भाग रद्द केला. मूळ धार्मिक हेतू पुरा करता येत असताना पैसा वळवणे म्हणजे धर्मसंस्थेच्या स्वातंत्र्यावर अतिक्रमण, असे कारण दिले. देवळाचा विश्वस्त म्हणून आयुक्ताला नेमण्याची तरतूदही गेली. ढोबळ उत्पन्नाच्या २ टक्के वर्गणी मात्र राहिली, कारण ती कर नसून देखरेखीच्या सेवेची फी ठरली. पुढे दुरुस्तीने (क) फक्त धार्मिक नसलेल्या ट्रस्टांपुरते उरले.

या निकालाचा अर्थ बडोद्यातल्या बऱ्याच समित्या चुकीचा लावतात. ‘देवळाचा पैसा गरिबांना देता येत नाही, कोर्टानेच सांगितले आहे,’ असे सभेत म्हटले जाते. न्यायालयाने सांगितले ते एवढेच, की सरकारने किंवा न्यायालयाने बाहेरून ठरवून तो वळवू नये. अशक्य झालेला हेतू आणि पडून राहिलेली शिल्लक ही दोन कारणे जिवंत आहेत. मुदतठेवींत वर्षानुवर्षे पैसा वाढत असेल, पूजेचा खर्च त्याच्या व्याजाच्या एका भागातच भागत असेल, तर ती शिल्लक कलम ५५ खाली येऊ शकते. फक्त ती मूळ हेतूच्या जवळात जवळच्या कामाला लावायची असते. नैवेद्याच्या शिलकीतून अन्नदान जवळचे. डायलिसिसचे मशीन दूरचे, त्याला युक्तिवाद मजबूत लागतो.

दुसरीकडे गरिबांच्या बाजूचे लोकही एक चूक करतात. सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर केला की हेतू बदलला, असे ते समजतात. तसे नाही. ट्रस्टी बदलला, पत्ता बदलला तर ९० दिवसांत फेरफार अहवाल द्यायचा असतो. पण हेतू बदलायला आयुक्ताकडून योजना किंवा न्यायालयाचा हुकूम लागतो. नुसत्या ठरावावर खर्च केला, तर ऑडिटर तो ट्रस्टच्या हेतूबाहेरचा म्हणून लिहितो आणि विश्वस्तांवर वसुली येऊ शकते.

उत्पन्नाचीही दुरवस्था झाली. १९६९ मध्ये गुजरातेत देवस्थान इनामे खालसा करण्याचा कायदा झाला आणि जमिनींवर चालणाऱ्या पूजा रोख रकमेवर आल्या. रोख रक्कम झिजते. इंदूरच्या खासगीचे, म्हणजे होळकर घराण्याच्या खासगी मालमत्तेचे, उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. अहिल्याबाईंच्या मंदिरे, घाट, धर्मशाळांच्या उत्पन्नाच्या बदल्यात मध्यभारत सरकारने दरवर्षी कायम २,९१,९५२ रुपये द्यायचे ठरवले. त्या रकमेत आज किती घाटांची डागडुजी होईल? त्या मालमत्ता सार्वजनिक ट्रस्टमध्ये मोडतात आणि त्यांची नोंदणी झाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. कागदावर आकडा लिहिलेली भक्ती दोन पिढ्यांत उपाशी राहते. प्रमाणात, म्हणजे उत्पन्नाच्या इतक्या टक्के असे लिहिलेली टिकते.

वहीत हा वाद आज शेड्यूल नऊवर होतो. उत्पन्न-खर्चाच्या या नमुन्यात ट्रस्टच्या हेतूंवरचा खर्च पाच ओळींत लिहायचा असतो: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, दारिद्र्य निवारण, इतर धर्मादाय. उत्सवाच्या महाप्रसादाला पाचशे माणसे जेवली, त्यांत तीनशे फुटपाथवरची होती. हा खर्च कोणत्या ओळीत? बहुतेक ठिकाणी तो सवयीने धार्मिकमध्ये जातो. देणगीदारांना करसवलत मिळवून देणारी (जुन्या प्राप्तिकर कायद्यातले कलम ८०-जी) संस्था एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच धार्मिक खर्च करू शकते, म्हणून ही सवय महागात पडते. रोजचे अन्नछत्र वेगळ्या खात्यात, वेगळ्या भांडार-वहीसह ठेवले, तर ते दारिद्र्य निवारणात दाखवता येते.

दानपेटीचा नियम २००६ पासून वेगळा आहे. नाव-पत्त्याविना आलेली देणगी निव्वळ धर्मादाय संस्थेला जड जाते: एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम मोठी, तिच्यावरच्या भागावर ३० टक्के कर. निव्वळ धार्मिक संस्थेला हा कर नाही. देऊळ आणि धर्मादाय दोन्ही चालवणाऱ्या संस्थेलाही नाही, मात्र तीच देणगी तिच्या शाळेसाठी किंवा दवाखान्यासाठी म्हणून आली तर कर लागतो. त्यामुळे दवाखान्याच्या दारात कुलूपबंद पेटी ठेवू नये. तिथे पावतीपुस्तकच ठेवावे.

नवा ट्रस्टडीड करणाऱ्यांनी आणखी एक जागा सांभाळायची असते. ‘आमच्या ज्ञातीच्या गरिबांसाठी’ असे लिहिले की धर्मादाय संस्थेची करसवलत जाते. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी लिहिले, तर मात्र ती जात नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून नव्या कायद्याने घेतली असल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत. डीडमध्ये कलमाचा आकडा लिहिण्यापेक्षा हेतू शब्दांत लिहिलेला बरा. नित्यपूजा, उत्सव आणि देवळाची डागडुजी यांचा एक निधी, अन्नदान आणि औषधोपचार यांचा दुसरा; पूजेला उत्पन्नाचा ठरावीक वाटा आणि त्यावर उरलेले दुसऱ्या निधीला जाईल, असे पहिल्याच दिवशी लिहून ठेवले, तर कलम ५५ चा अर्ज करण्याची वेळ येत नाही. जुन्या देवळांना ही सोय नाही. त्यांनी आधी आयुक्त कार्यालयातून आपल्या नोंदणीचा उतारा काढून त्यात हेतूच्या रकान्यात नेमके काय लिहिले आहे ते वाचावे. ‘देवस्थानाची सेवा व अन्नदान’ असे शब्द तिथे सापडले, तर वाद तिथेच मिटतो.