एकाच फेसला दोन मटेरियल: उलट्या बाजूची भानगड कुठून आली

सांगली, तासगावकडं हळदीच्या पाऊचचं नाहीतर बेदाण्याच्या बॉक्सचं थ्रीडी करून देणाऱ्या पोरांना हे हमखास नडतं. पाऊच उघडा दाखवायचाय, बाहेरून छपाई, आतून चंदेरी फॉईल, जाडी दिलेली नाही. स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये फेसच्या, म्हणजे मॉडेलच्या एकेका सपाट पृष्ठाच्या, दोन्ही बाजूंना दोन मटेरियल बिनबोभाट लागतात, आणि रेंडर (उजेड-सावलीसकट शेवटचं चित्र) मारला की बऱ्याचदा आतली फॉईल गायब. शिव्या रेंडरच्या प्लगइनला बसतात, पण मूळ फार जुन्या काटकसरीत आहे.

फेसला समोर-मागे असं मुळात काही नसतंच, कोपरे कुठल्या क्रमानं मोजले त्यावरून नॉर्मलची, म्हणजे फेसमधून काटकोनात निघणाऱ्या बाणाची, दिशा ठरते आणि नॉर्मल जिकडं ती सुलटी बाजू, बास. आता बंद डबा घेतला तर त्याचे साधारण निम्मे फेस कॅमेऱ्याकडं पाठ करूनच असतात, ते दिसणारच नाहीत मग काढायचे कशाला, म्हणून ते आधीच गाळायचे, हे बॅकफेस कलिंग. मशीनं कमजोर होती तेव्हा हे शहाणपणाचंच होतं.

बरं, मागच्या बाजूचा विचार कुणी केलाच नाही असंही नाही. पिक्सारच्या १९८८ च्या रेंडरमन इंटरफेसमध्ये, म्हणजे रेंडररला मॉडेल कसं सांगायचं त्याच्या नियमावलीत, फेस एकाच बाजूनं दिसावा का दोन्ही, हे सांगायची सोय होती. १९९२ च्या ओपनजीएलमध्ये (प्रोग्रॅममधून थ्रीडी चित्र काढून घ्यायची ठरलेली पद्धत) तर समोरचं आणि मागचं मटेरियल वेगळं देता यायचं, मागच्या बाजूसाठी नॉर्मल उलटा करून उजेडाचा हिशोब व्हायचा. पण हे रंग आणि चमक एवढ्यापुरतंच, टेक्स्चर, म्हणजे फेसवर चिकटवलेलं चित्र, दोन्हीकडं तेच. वेगळी छपाई पाहिजे तर मॉडेल दोनदा काढा, एकदा मागचे फेस गाळून, एकदा पुढचे गाळून. शेडर, म्हणजे ठिपक्याठिपक्याचा रंग ठरवणारे छोटे प्रोग्रॅम, आले तेव्हा हा ताप गेला, कारण आपण बघतोय ती बाजू समोरची का मागची हे शेडरलाच विचारता यायला लागलं. ब्लेंडर या दुसऱ्या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या जॉमेट्री नोडमधलं ‘बॅकफेसिंग’ म्हणजे तोच प्रश्न, दोन मटेरियल एकत्र करणाऱ्या मिक्स शेडरला जोडला की काम झालं.

स्केचअपनं २००० साली वेगळाच रस्ता धरला. आर्किटेक्टला झटपट घर उभं करायचंय, नॉर्मल-बिर्मल त्याला कशाला, म्हणून दिसेल त्या बाजूला रंग ओता. सोय झकास, पण पुढचं प्रत्येक सॉफ्टवेअर दोन रंग घेईलच असं नाही. अगदी २०१७ च्या जीएलटीएफ २.० या थ्रीडी फाइल फॉरमॅटमध्येही ‘डबल साइडेड’ म्हणजे दोन्हीकडून दिसणार एवढंच, मटेरियल एकच.

व्ही-रे या रेंडर प्लगइनच्या टू-साइडेड मटेरियलवर लोक उगाच चिडतात. ते पानं, पडदे, कागदाच्या लॅम्पशेडसाठी जास्त कामाचं, उजेड आरपार यावा म्हणून त्यात ट्रान्सल्युसन्सी मुळातच अर्धी ठेवलेली असते, त्यामुळं छपाई आणि फॉईल एकमेकांत मिसळून कायतरी मळकट दिसतं. ती शून्याकडं आणली की बाजू वेगळ्या होतात.

पाऊचसाठी मला तरी सगळ्यात खात्रीचं वाटतं ते म्हणजे थोडी जाडी देऊन आतल्या फेसला फॉईल लावणं. फेसची कॉपी तिथल्या तिथं ठेवली तर दोन्ही एकाच जागी भांडतात आणि डाग पडतात. आणि त्याआधी स्केचअपमध्ये मोनोक्रोम स्टाइल (मटेरियल लपवून नुसत्या फेसच्या बाजू दाखवणारी) लावून बघायचं, बाहेरचा फेस निळसर दिसला तर तो उलटा आहे, रिव्हर्स फेसेस मारायचं.