मांडणी (स्वयंपाकघरातील)

मांडणी : स्वयंपाकघराच्या भिंतीवरील उघड्या फळ्यांवर रोजच्या वापरातील ताटे, वाट्या, पेले, पातेली, डबे व तांबे दिसतील अशा बेताने रचून ठेवण्याची रीत, तसेच त्यासाठी केलेला लाकडी अथवा धातूचा सांगाडा. दारे असलेले फडताळ आणि भिंतीत कोरलेला कोनाडा यांहून ती निराळी. गुजरातेतील अभराई हे तिचे जवळचे रूप होय. मात्र अभराई बहुधा डोक्यापेक्षा उंच असते व तिच्यावर शोभेच्या पितळी भांड्यांचा भर असतो.

उगम : मांडणीचा उगम उतरंडीत शोधण्याची प्रवृत्ती दिसते. मोठे मडके खाली व त्यावर क्रमाने लहान, हा उतरंडीचा क्रम डब्यांच्या रचनेत आजही टिकून असल्याने हे मत सहज पटते. परंतु उतरंड ही साठवणीची सोय. तिच्यातील प्रत्येक मडक्यात काही ना काही भरलेले असते आणि तळचे मडके हवे असेल तर वरची सगळी उतरवावी लागतात. मांडणीतले ताट शेजारच्याला धक्का न लावता एका हाताने निघाले पाहिजे. दुसरा दुवा रुखवताचा सांगता येतो. लग्नात मांडलेली भांडी पुढे फळीवर येतात, त्यांवर बऱ्याचदा नाव व तारीख कोरलेली असते, आणि ती बाजू पुढे ठेवण्याचा कल असतो. भांडी दाखवण्यामागची हौस यातून कळते, पण फळीची उंची व जागा कशी ठरली ते कळत नाही.

चूल जमिनीवर आणि स्वयंपाक बसून होत असताना हाताशी लागणारी भांडी जमिनीलगत, घडवंचीवर वा कोनाड्यात असत. उंच फळीवर जात ती क्वचित लागणारी हंडे-तपेल्यांसारखी मोठी भांडी. रोजची ताटे-वाट्या डोळ्यांसमोरच्या उंचीवर येण्याचा संबंध उभ्याच्या ओट्याशी जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. तसे असेल तर आजच्या रूपातील मांडणी बहुधा विसाव्या शतकातील, आणि मुख्यतः शहरी, ठरते. मुंबईत १९२०च्या दशकात बांधल्या गेलेल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींतील खोली सुमारे १६० चौ. फुटांची, तेवढ्या जागेत भिंतच उपयोगात आणावी लागे, आणि उघड्या दारातून ती भिंत येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसे.

धातू व सांगाडा : स्टेनलेस स्टीलची भांडी १९५० नंतर, विशेषतः पुढील दोन-तीन दशकांत, पितळेच्या जागी आली. जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या बोहारणींचाही या प्रसारात वाटा होता. पितळ आणि स्टील यांच्या घनतेत फारसे अंतर नाही. स्टीलचे भांडे हलके लागते ते पत्रा पातळ असल्यामुळे. जाड लाकडी फळीऐवजी भिंतीला टांगायची पत्र्याची मांडणी चालू शकली, त्यामागे हेही एक कारण असावे. या तयार मांडणीत ताटे उभी ठेवण्याच्या खाचा, कपांसाठी आकडे, चमच्यांचा डबा व तळाशी जाळीची फळी असते. तळ जाळीऐवजी सपाट पत्र्याचा असेल तर ताटांचे निथळलेले पाणी तेथेच साचते आणि गंज प्रथम जोडाच्या सांध्यांवर धरतो.

लाकडी फळी करताना मुख्य प्रश्न बाकाचा, म्हणजे भाराने मध्ये वाकण्याचा. समान पसरलेल्या भाराखाली आधारांमधील अंतर दुप्पट केले तर फळीचा बाक सोळापट होतो. जाडी दुप्पट केल्यास तो आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून १८ मिमी. प्लायवुडला दर दोन फुटांवर ब्रॅकेट द्यावा. चार फुटांच्या फळीला केवळ दोन टोकांचे आधार पुरत नाहीत. ताटाचा व्यास साधारण ११ ते १२ इंच असतो. ताटे भिंतीला टेकवून उभी ठेवायची असल्याने ९-१० इंच रुंदीची फळी पुरते. मात्र ताटाचा काठ अडकण्यासाठी भिंतीपासून सुमारे अडीच इंचांवर पट्टी ठोकावी लागते. ती भिंतीच्या फार जवळ बसवली तर ताट जवळजवळ सरळ उभे राहते आणि जरा धक्क्याने पुढे कोसळते. फार दूर बसवली तर ते तिरके होऊन पुढच्या वाट्यांची जागा खाते. फळीच्या पुढच्या कडेलाही अर्ध्या इंचाची पट्टी असावी. ओटा व पहिली फळी यांत दीड फूट अंतर ठेवतात. जुन्या विटांच्या भिंतीत लाकडी गुटके बसवून त्यांत स्क्रू घेत. हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या नव्या भिंतींत साधा प्लास्टिकचा गुटका पकड धरत नाही, तेथे त्याच भिंतीसाठी बनवलेले लांब फासनर लागतात.

रचना : मागे उभी ताटे, पुढे वाट्या व फुलपात्रे पालथी, एका बाजूस पेल्यांची चळत, हा सर्वसाधारण क्रम. डबे मोठ्याकडून लहानाकडे. पेले ओले असताना एकात एक घातले तर जाम होतात. आतल्या पेल्यात गार पाणी भरून बाहेरचा कोमट पाण्यात धरल्यास ते सुटतात. पाण्याचे पांढरे डाग क्षारांचे असतात व सौम्य आंबटाने जातात. तपकिरी ठिपके मात्र बहुधा मिठाचे पाणी भांड्यात राहिल्याने पडलेल्या बारीक खड्ड्यांचे असतात. ते घासून जात नाहीत. कमी निकेलच्या स्टीलवर ते लवकर दिसतात. अशी भांडी लोहचुंबकाने ओळखता येतात हा समज भरवशाचा नाही, कारण त्यांपैकी बरीच चुंबकाला चिकटतच नाहीत.

उघड्या मांडणीचा खरा शत्रू धूळ नसून फोडणीचे तेल होय. तेलाचे बारीक कण भांड्यावर बसतात, त्यांवर धूळ धरते आणि काही आठवड्यांत चिकट थर होतो. रोज घासल्या जाणाऱ्या ताटावर तो बसायला वेळच मिळत नाही. म्हणून आठवड्यातून एकदाही न लागणारे भांडे उघड्या फळीवर ठेवू नये, आणि शेगडीच्या दोन्ही बाजूंस निदान दोन फूट जागा मोकळी असावी. बसलेला थर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून दहा मिनिटे भिजवल्यावर निघतो. ॲल्युमिनियमला मात्र सोडा लावू नये, ते काळे पडते.

पितळेला चिंच किंवा लिंबू-मीठ लावून फार वेळ ठेवल्यास पृष्ठावरील जस्त निघून तांबूस डाग उरतात. लगेच धुऊन कोरडे पुसावे. आंबट पदार्थ ठेवायचे तर आतून कल्हई हवी. कल्हईचे कथील २३२° से. ला वितळते, त्यामुळे रिकामे भांडे आचेवर राहिले की ती ओघळते. पालथ्या ठेवलेल्या भांड्याची उडालेली कल्हई नजरेस येत नाही, हा मांडणीचा एक दोषच म्हणावा लागेल.

फळीवर वर्तमानपत्राचा कागद घालून पुढे लोंबणाऱ्या कडेला कात्रीने नक्षी कापण्याची, किंवा क्रोशाची झालर लावण्याची रीत होती. कागद ओला राहिला की त्याखाली झुरळे होतात.

शटर व ट्रॉलींच्या स्वयंपाकघरांत मांडणी मागे पडली. अलीकडे चिनी मातीच्या बशा व वाडगे ठेवलेल्या उघड्या फळ्या पुन्हा बसवल्या जातात. चिनी मातीची ताटे उभी ठेवल्यास पट्टीवर घसरतात, म्हणून पट्टीला रबर लावावे किंवा सहा-आठ ताटांची आडवी चळत करावी. त्याहून उंच चळतीत तळचे ताट काढताना वरची हलतात आणि काठांचे टवके उडतात.